जुन्या टीव्हीला संगणक जोडला की रंग चुकतात: दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं

इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत एकवीस इंची, पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून जपून ठेवलेला असतो. गणपती आले की तो मंडळाच्या मांडवात जातो. लॅपटॉप जोडून त्यावर मागच्या वर्षीचे फोटो किंवा आरतीचे शब्द दाखवायचे असतात, आणि मग दरवर्षी त्याच तक्रारी येतात. चित्र काळं-पांढरं दिसतं, शेंदूर हिरवट दिसतो, नाहीतर कोपऱ्यात जांभळा डाग पडतो. अशा वेळी बहुतेक जण आधी जेल रोडला जाऊन नवी लीड आणतात, ती चालली नाही की नवा कन्व्हर्टर, म्हणजे संगणकाचा सिग्नल टीव्हीला चालेल असा करणारा डबा. दोष नेमका कुठे आहे हे बघण्याआधी काही विकत घेऊ नका. रंग कसा चुकलाय हे नीट पाहिलं, तर दोषाची जागा बहुतेक वेळा घरबसल्या सापडते.

आधी टीव्हीचाच मेनू उघडा

संगणक जोडलेला असतानाच रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनूची अक्षरं टीव्ही स्वतः तयार करतो. बाहेरून आलेल्या सिग्नलमधून रंग सोडवण्याचं काम संपल्यावर ती थेट लाल, हिरव्या, निळ्या वाहिन्यांवर चढवली जातात. त्यामुळे मेनूतली पांढरी अक्षरं स्वच्छ पांढरी आणि बाकीचे रंग नेहमीसारखे दिसत असतील, पण मागचं चित्र चुकीचं असेल, तर ट्यूब ठीक आहे. दोष संगणकाची सेटिंग, कन्व्हर्टर, लीड, सॉकेट किंवा टीव्हीची कलर सिस्टम यांपैकी कशात तरी आहे. मेनूच गुलाबी किंवा हिरवट दिसत असेल, तर संगणकाचा काही संबंध नाही. दोष ट्यूबमध्ये किंवा तिच्या मानेवर बसवलेल्या बोर्डात आहे.

दुसरी खात्री सेट टॉप बॉक्सने किंवा डीव्हीडी प्लेअरने करा. तीच लीड, तेच सॉकेट, फक्त संगणकाच्या जागी तो बॉक्स. त्याचे रंग बरोबर आले तर टीव्ही आणि लीड दोन्ही निर्दोष.

तिसरी गोष्ट म्हणजे चाचणीचं चित्र. पेंटमध्ये आठ उभे पट्टे काढा: पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, लाल, निळा, काळा. रंग भरताना २५५ऐवजी १९१ हा आकडा वापरा. पांढरा म्हणजे १९१, १९१, १९१. पिवळा म्हणजे १९१, १९१, ०. आणि पुढेही तसंच. पूर्ण २५५चा पिवळा आणि आकाशी साध्या पिवळ्या (चित्र नेणाऱ्या) लीडच्या सिग्नलला पेलत नाही, रंग फाटल्यासारखा दिसतो आणि नसलेला दोष शोधत बसावं लागतं. फोटोवरून रंगाची परीक्षा करू नका. फोटोत मुळात काय रंग होता हे कुणालाच नक्की सांगता येत नाही.

चित्र ठीक, पण काळं-पांढरं

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: संगणकाकडून एनटीएससी येतंय आणि टीव्हीला पॅल हवंय. ही रंगीत टीव्हीच्या दोन वेगळ्या पद्धतींची नावं.

भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ साली सुरू झालं ते पॅल पद्धतीत. पॅलमध्ये ६२५ रेषा, सेकंदाला ५० फील्ड (अर्धी-अर्धी चित्रं) आणि रंगाची माहिती वाहणारी लहर ४.४३ मेगाहर्ट्‌झची. अमेरिका आणि जपानकडच्या एनटीएससीत ५२५ रेषा, सुमारे ६० फील्ड आणि रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्‌झची. फक्त पॅल समजणाऱ्या टीव्हीला एनटीएससी दिलं तर उजेड-अंधाराची माहिती त्याला वाचता येते, पण रंगाची लहर त्याला ठरलेल्या जागी सापडत नाही. ती सापडली नाही की टीव्हीतलं कलर किलर नावाचं सर्किट रंग पूर्ण बंद करतं, नाहीतर पडद्यावर रंगीत खरखर दिसली असती. म्हणजे काळं-पांढरं चित्र हा टीव्हीचा बिघाड नाही, त्याने समजून केलेलं काम आहे. त्यासोबत चित्र वर सरकत असेल किंवा उंचीला बसत नसेल, तर एनटीएससीचा संशय पक्का समजा.

एचडीएमआयपासून एव्ही (टीव्हीची पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांची जोडणी) करणारा छोटा डबा वापरत असाल तर त्याच्या कडेला पॅल आणि एनटीएससी असं लिहिलेलं सरकतं बटण असतं. ते पॅलकडे करा. नंतर डब्याची वीज काढा, पाच सेकंद थांबा आणि पुन्हा द्या, कारण काही डबे चालू असताना केलेला बदल धरतच नाहीत. या डब्याला स्वतंत्र ५ व्होल्टची वीज हवी, मोबाईलच्या चार्जरवरून द्या. एचडीएमआयच्या तारेतून येणारी वीज खात्रीने फक्त ५५ मिलिअँपिअर इतकीच असते. तेवढ्यावर डब्याचा दिवा लागतो, कधीकधी चित्रही येतं, पण रंग येतो-जातो, आणि लोक लीड हलवत बसतात.

हा डबा घेताना दिशा स्पष्ट सांगा. दुकानात 'एचडीएमआय टू एव्ही' मागा. 'एव्ही टू एचडीएमआय' हा दिसायला अगदी जुळा असतो, पण काम उलटं करतो, आणि तो जोडला तर कसलंच चित्र येत नाही. डब्यावर एचडीएमआयच्या बाजूला 'इन' लिहिलंय ना, हे दुकानातच बघून घ्या.

रास्पबेरी पाय हा एका बोर्डाचा छोटा संगणक वापरणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, कारण त्याचं टीव्ही आउटपुट मुळात एनटीएससीवर ठेवलेलं असतं. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एसडीटीव्ही मोडचा आकडा ० असतो, तो २ करा. २ म्हणजे पॅल. पाय ४वर टीव्ही आउटपुट आधी चालू करावं लागतं. नव्या प्रणालीत हीच गोष्ट बूटच्या ओळीत, ७२० बाय ५७६, ५० हर्ट्‌झ इंटरलेस्ड आणि पॅल अशी द्यावी लागते. जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये टीव्ही फॉर्मॅटची यादी असते, तिथे पॅल-बी निवडा. यादी देशांच्या नावाची असेल तर भारत.

टीव्हीकडची बाजूही बघा. मेनूत कलर सिस्टम असं असतं आणि त्यात ऑटो, पॅल, सेकाम, एनटीएससी ३.५८, एनटीएससी ४.४३ असे पर्याय येतात. ऑटो किंवा पॅल ठेवा. कुणीतरी खेळता खेळता तिथे सेकाम (ही तिसरीच, फ्रान्सकडची पद्धत) करून ठेवलेलं असतं, आणि तेवढ्यावरून टीव्ही दुरुस्तीला जातो.

पिवळी लीड हिरव्या सॉकेटात

थोड्या नंतरच्या टीव्हींना मागे हिरवं, निळं, लाल अशी तीन सॉकेट असतात. त्यांना कॉम्पोनंट म्हणतात. काही टीव्हींमध्ये जागा वाचवायला हिरवं आणि पिवळं सॉकेट एकच केलेलं असतं. इथे पिवळी लीड घातली आणि टीव्ही कॉम्पोनंट इनपुटवर राहिला, तर चित्र स्वच्छ पण बिनरंगाचं दिसतं. हिरव्या सॉकेटावर फक्त उजेडाची माहिती घेतली जाते, रंग निळ्या-लाल सॉकेटांवरून येणार असं टीव्ही धरून चालतो. इनपुट बदलून एव्हीवर न्या, काम झालं. पॅल-एनटीएससीच्या खटपटीला लागण्याआधी हे एकदा बघून घ्यावं.

कॉम्पोनंटची लीड असेल तर तिथे आणखी एक सापळा आहे. पाच पिनांमध्ये लाल रंगाच्या दोन पिना असतात, एक चित्राची आणि एक उजव्या आवाजाची. त्या एकमेकींच्या जागी गेल्या की पडद्यावरचा लाल रंग नाहीसा होतो आणि उजव्या बाजूच्या स्पीकरमधून घरघर येते. रंग आणि आवाज एकाच वेळी बिघडले की दुसरीकडे शोधूच नका. निळी आणि लाल पिन आपसात बदलली, तर करडे रंग ठीक राहतात, पण लालाच्या जागी निळं आणि निळ्याच्या जागी लाल येतं.

व्हीजीएपासून (संगणकाचं मॉनिटरचं जुनं सॉकेट) तीन आरसीए पिनांची (पिवळ्या लीडसारख्या गोल पिना) साधी तार बाजारात मिळते. तिच्या आत कुठलंही सर्किट नसतं. संगणकाच्या व्हीजीएतून लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे सिग्नल निघतात. टीव्हीच्या कॉम्पोनंटला उजेड आणि रंगांतले दोन फरक हवे असतात. ग्राफिक्स कार्ड स्वतः कॉम्पोनंट सिग्नल देत नसेल, तर ही तार कधीच चालणार नाही. चित्र आलंच तरी पांढरं सगळं गुलाबी-किरमिजी दिसेल. व्हीजीएपासून पिवळ्या पिनेपर्यंतच्या साध्या तारेचंही तसंच. इथे वीज घेणारा खरा कन्व्हर्टरच लागतो.

एस-व्हिडिओ

जुन्या लॅपटॉपला गोल, चार पिनांचं एस-व्हिडिओ सॉकेट असतं. पिन १ आणि २ ग्राउंड, ३वर उजेड, ४वर रंग. टीव्हीला फक्त पिवळं सॉकेट असेल आणि तुमच्या अडॅप्टरने पिन ३ एवढीच पिवळ्याला जोडली असेल, तर चित्र काळं-पांढरं येणारच. उपाय अगदी स्वस्त आहे. पिन ३ सरळ पिवळ्या पिनेच्या मधल्या टोकाला जोडायची आणि पिन ४ तिथेच, पण मध्ये ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर घालून. ग्राउंड एकत्र. या कपॅसिटरवर ४७१ असं छापलेलं असतं, ४७० नव्हे. ते पाहून घ्या. सोल्डरचा डाग घालता येणारा कुणीही दहा मिनिटांत हे करून देईल.

एस-व्हिडिओच्या पिना फार नाजूक. पिन ४ वाकली की रंग जातो. पिन ३ वाकली तर उलट होतं: चित्र जवळपास नाहीसं होतं आणि अंधारात रंगाचे धब्बे हलताना दिसतात.

रंग फिका, किंवा येतो-जातो

रंगाची ४.४३ मेगाहर्ट्‌झची लहर सिग्नलच्या वरच्या टोकाला बसलेली असते. तार हलकी असेल तर ती आधी मरते, उजेडाची माहिती मात्र टिकते. म्हणून लांब किंवा साध्या ऑडिओच्या लीडवरून चित्र नीट दिसतं आणि रंग मात्र फिका पडतो किंवा मधूनच जातो. दोन-तीन मीटरपर्यंत कुठलीही बरी लीड चालते. मांडवात दहा-पंधरा मीटर जायचं असेल तर बारीक लीड जोडत जाऊ नका. डिशसाठी वापरतात ती आरजी-६ तार घ्या. ती ७५ ओहमची असते आणि व्हिडिओलाही ७५ ओहमचीच हवी असते. दोन्ही टोकांना आरसीए पिना बसवून घ्या. महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकच्या बाजारात तार आणि पिना दोन्ही मागून बघा.

एकाच लीडला वाय जोड लावून दोन टीव्ही चालवणं ही मंडळांची नेहमीची चूक. सिग्नल एका ७५ ओहमवर १ व्होल्टचा असतो. दोन टीव्ही समांतर लागले की तो ०.६७ व्होल्टवर येतो. दोन्हीकडे चित्र काळपट होतं आणि ज्याचं सर्किट जास्त कडक तो टीव्ही रंग बंद करतो. दोन टीव्हींसाठी वीज घेणारा एव्ही स्प्लिटर लावा, नाहीतर पहिल्या टीव्हीच्या एव्ही आउटमधून दुसऱ्याला द्या.

पावसाळ्यात आरसीए सॉकेटांवर काळपट थर बसतो. वीज बंद करून पिन सॉकेटात पाच-सहा वेळा गोल फिरवा, किंवा कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. तेवढ्याने रंग परत आला की लीड बदलायची गरज नाही.

पडद्यावर आडवे काळे पट्टे सावकाश वर चढत असतील, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. पट्टे गेले तर अर्थिंगचा प्रश्न आहे, रंगाचा नाही. टीव्हीला केबलची तार लागलेली असेल तर ती आधी काढा, दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा, आणि लीड घालताना-काढताना दोन्ही बंद ठेवा.

डाग, आणि एकच रंग गेलेला

कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवा डाग, तोही मेनूवर पसरलेला आणि लीड काढली तरी तसाच: हा चुंबकत्वाचा परिणाम. ट्यूबच्या आत लोखंडी जाळी असते, ती चुंबकित झाली की इलेक्ट्रॉनचा झोत चुकीच्या रंगाच्या ठिपक्यावर पडतो. टीव्ही घरातून मांडवात नेताना त्याची दिशा बदलते, पृथ्वीच्या चुंबकत्वाशी असलेलं त्याचं नातं बदलतं, आणि त्यात शेजारी मोठे स्पीकर उभे केले जातात. स्पीकर किमान एक मीटर लांब न्या. मग टीव्ही भिंतीवरच्या बटणावरून बंद करा, रिमोटवरून नव्हे. अर्धा तास थांबून पुन्हा चालू करा. चालू होताना जो 'थम्म' असा आवाज येतो, तो चुंबकत्व काढणाऱ्या कॉइलचा. तिला वीज देणारा पोझिस्टर गरम असेपर्यंत ती पुन्हा काम करत नाही, म्हणून अर्धा तास. असं तीन-चार वेळा करूनही डाग राहिला तर मेकॅनिककडची हाताने फिरवायची कॉइल लागेल.

टीव्हीखाली किंवा शेजारी ठेवलेला लोखंडी स्टॅबिलायझरही चित्र हलवतो. सिग्नल ६० फील्डचा असेल आणि स्टॅबिलायझर आपल्या ५० हर्ट्‌झ विजेवर, तर चित्र सेकंदाला दहा वेळा थरथरतं. पॅल केलं आणि स्टॅबिलायझर दूर नेला की थरथर थांबते.

आता हिरवा शेंदूर. एनटीएससी टीव्हीवर टिंट (छटा बदलण्याची सेटिंग) फिरवून चेहऱ्याचा रंग सुधारता येतो, म्हणून लोक इथेही टिंट शोधतात. पॅलमध्ये एकाआड एक ओळीत रंगाचा एक भाग उलटा पाठवला जातो, त्यामुळे वाटेत झालेली चूक शेजारच्या ओळीशी कटून जाते. छटा बदलत नाही, फार तर रंग थोडा फिका होतो. म्हणून पॅलवर टिंट चालत नाही, आणि पॅलवर संपूर्ण चित्राची छटा बदललेली असेल तर वाटेत काहीही झालेलं नाही. एक मूळ रंग गेलाय. पट्ट्यांकडे बघा. पांढरा पट्टा आकाशी आणि लाल पट्टा काळा असेल तर लाल गेलाय. पांढरा किरमिजी असेल तर हिरवा. पांढरा पिवळा असेल तर निळा. मेनूही तसाच दिसतो आणि टीव्हीला हलकेच थोपटल्यावर रंग परत येतो, असं झालं तर मानेवरच्या बोर्डातला सोल्डरचा डाग सुटलाय. मागचं झाकण स्वतः उघडू नका. एकवीस इंची ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये बराच वेळ टिकून राहतो. हे काम ट्यूबच्या टीव्हीत हात बसलेल्या मेकॅनिकचंच. त्याला फक्त 'रंग खराब' असं सांगू नका. कोणता पट्टा कोणत्या रंगाचा दिसतो ते लिहून न्या.

जुना एलसीडी असेल तर

व्हीजीएने जोडलेल्या जुन्या एलसीडीवरही हाच पट्ट्यांचा नियम लागतो, फक्त दोष पिनेत असतो. पिन १ लाल, २ हिरवी, ३ निळी. प्लगातली ९ क्रमांकाची पिन बऱ्याच तारांत मुळातच नसते, ती तुटलेली समजून तार टाकू नका. वाकलेली पिन चिमट्याने एकदाच, हळू सरळ करा; दुसऱ्यांदा ती तुटते.

एचडीएमआयवर दोन चुका होतात आणि त्या नेमक्या ओळखता येतात. काळं जांभळं आणि पांढरं हिरवं दिसत असेल, तर संगणक वायसीबीसीआर (उजेड आणि रंगांतले दोन फरक) पाठवतोय आणि टीव्ही ते आरजीबी (लाल, हिरवा, निळा) म्हणून वाचतोय. काळं हिरवं आणि पांढरं गुलाबी दिसत असेल तर उलट. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये कलर फॉर्मॅट आरजीबी करा, रंगाची खोली ८ बिट ठेवा, आणि टीव्ही बंद-चालू करा म्हणजे दोघं पुन्हा एकमेकांशी बोलतील.

रंग बरोबर पण काळं करडं दिसतं, किंवा सावलीतलं काहीच दिसत नाही, तर मामला आवाक्याचा आहे. संगणकाचा पूर्ण आवाका ० ते २५५, टीव्हीचा १६ ते २३५. संगणक मर्यादित पाठवतो आणि टीव्ही पूर्ण धरतो, तेव्हा चित्र धुतल्यासारखं होतं. उलट झालं की सावल्या बुडतात. ड्रायव्हरमध्ये आरजीबी रेंज फुल किंवा लिमिटेड असं बदलून बघा, किंवा टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल असेल तर तिथे. दोन्हीकडे एकदम बदल करू नका.

जे दुरुस्त होत नाही

पिवळ्या लीडवर बारीक अक्षरांभोवती इंद्रधनुष्य दिसतं, उभ्या कडांवर ठिपके चालतात, निळ्यावर लाल अक्षर पसरतं. एकाच तारेतून उजेड आणि रंग नेल्यावर टीव्हीला ते पूर्ण वेगळे करता येत नाहीत, म्हणून हे होतं. कुठलाही महाग डबा ते घालवणार नाही. टीव्हीला एस-व्हिडिओ असेल तर तो वापरा, फरक लगेच दिसेल. नसेल तर आरतीचे शब्द मोठे आणि जाड करा, एका पडद्यावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नको, पार्श्वभूमी गडद निळी किंवा काळी, अक्षरं पांढरी किंवा फिकट पिवळी. संगणकाचं रेझोल्यूशन ८०० बाय ६०० ठेवा. आणि चारही बाजूंनी थोडी जागा सोडा, कारण ट्यूबचा टीव्ही चित्राच्या कडा फ्रेममागे लपवतो. नाहीतर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर कापलं जाईल.